ओसीडीचा ऑनलाइन सपोर्ट ग्रुप: इथे "काही होणार नाही गं" असं कोणी म्हणत नाही

५ पैकी ४ स्टार. एक का कापला ते पुढे येईलच. ग्रुपचं नाव लिहीत नाहीये, कारण आत येणाऱ्या बऱ्याच जणांच्या घरी अजून काही माहीत नाही. आठवड्यातून एकदा झूमवर मीटिंग, मधल्या दिवसांत व्हॉट्सॅप ग्रुप, चालवणारे सगळे स्वतः ओसीडीवाले (ओसीडी म्हणजे मंत्रचळ, नको ते विचार परत परत येतात आणि ते शमवायला त्याच त्याच गोष्टी कराव्या लागतात), फी नाही, कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो, आणि मराठी-हिंदी-इंग्रजी सगळं मिसळून बोलतात.

मी हे लिहायला बसले ते त्यांच्या एका नियमासाठी. इथे खात्री मागायची नाही, आणि कोणी मागितली तर द्यायची नाही. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं मग सपोर्ट कसला तो?" बाहेरून बघणाऱ्याला असंच वाटणार, म्हणून जरा नीट सांगते.

माझी भीती गाडीवरची. खड्ड्यातून स्कूटर गेली, धक्का बसला की डोक्यात येतं, कोणाला उडवलं तर नाही ना आपण? मग वळून बघायचं, परत त्याच रस्त्याने जाऊन यायचं, घरी येऊन सगळ्यांना विचारायचं, दुसऱ्या दिवशी पेपरात अपघाताची बातमी शोधायची. यातलं ते विचारणं लोकांना साधी काळजी वाटते, पण ते सुद्धा कंपल्शनच आहे, म्हणजे भीती शमवायला परत परत केल्याशिवाय राहवत नाही अशी गोष्ट, पन्नास वेळा हात धुण्याच्या जातीचं. समोरचा म्हणतो "नाही गं, काही नाही झालं", पाच मिनिटं बरं वाटतं, आणि मग नवीन फाटा फुटतो, मी त्याला सगळं नीट सांगितलं का, तो ऐकत तरी होता का, मला बरं वाटावं म्हणून तर नाही म्हणाला? खाज खाजवल्यासारखं आहे, तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि मग जास्त सुटते. मेंदू एवढंच शिकतो की विचारलं म्हणून सुटलो, त्यामुळे पुढच्या वेळी तो आणखी लवकर विचारायला लावतो.

ओसीडीवरची जी थेरपी सगळ्यात जास्त तपासली गेलीय, ईआरपी, म्हणजे भीती वाटते त्या गोष्टीला सामोरं जायचं आणि कंपल्शन करायचं नाही, ती नेमकी याच जागी काम करते. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली त्याच्या दोन पेशंटबद्दल लिहिलं तिथून ती सुरू झाली. आता विचार करा, थेरपिस्टकडे तासभर बसून शंका सहन करायला शिकायचं आणि रात्री ग्रुपवर येऊन दहा जणांकडून खात्री घ्यायची, तर त्या तासाचं काय होणार?

आधी मी ज्या मोठ्या ग्रुपात होते तिथे हेच चालायचं. माणसं फार प्रेमळ होती हो, त्याबद्दल शंकाच नाही. रात्री दोनला कोणी लिहिलं की पाच मिनिटांत उत्तरांची रांग लागायची. लोक ती उत्तरं स्टार करून ठेवायचे, स्क्रीनशॉट काढून परत परत वाचायचे, दुसऱ्या रात्री तोच प्रश्न एक शब्द बदलून टाकायचे. नऊ जण म्हणायचे "बिनधास्त झोप" आणि दहावा म्हणायचा "मला वाटतं एकदा चेक करून घे", की गेली त्या माणसाची रात्र. आणि उत्तर देणारेही आजारीच ना, दुसऱ्याची भीती वाचता वाचता ती आपलीच वाटायला लागलेले लोक मी बघितलेत.

या ग्रुपमध्ये काय होतं बघा (तपशील बदललेत). एका मुलाने लिहिलं, आरती करताना देवाबद्दल घाणेरडा विचार आला, पाप लागेल का. मॉडरेटर ताईंचं उत्तर आलं, "अवघड रात्र आहे रे ही. लागेल की नाही ते आम्ही सांगणार नाही, सांगितलं तर दहा मिनिटांनी परत विचारावंसं वाटेल. थेरपिस्टने अशा वेळी काय करायला सांगितलंय? ते कर, आम्ही आहोत इथे." मग खाली एकजण, मी आत्ता किराणा लावून ठेवलाय आणि हात धुतलेले नाहीत, जीव कासावीस होतोय. आणखी एक, मी गॅस एकदाच बघून बाहेर पडलोय, जिन्यात उभा आहे. एवढंच. कोणी कोणाला खात्री दिली नाही, तरी त्या रात्री कोणी एकटं नव्हतं.

नियमाचा अर्थ काहीच विचारायचं नाही असा नाही बरं का. माहिती एकदा विचारली तर ती माहितीच. गोळ्यांचा परिणाम दिसायला ओसीडीत ८ ते १२ आठवडे लागू शकतात, हे तिथे नव्या माणसाला कोणीतरी सांगतंच, आणि दुसऱ्याच आठवड्यात "उपयोग नाही" म्हणून औषध सोडायला निघालेला माणूस थांबतो. डोस वगैरेवर मात्र सरळ डॉक्टरांकडे पाठवतात. आणि कोणी जीव द्यायचं बोललं तर हा नियम बाजूला, मॉडरेटर स्वतः फोन करतात, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर देतात, तो फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता कापलेला स्टार. काही जुने मेंबर नव्या माणसावर एकच तयार मेसेज फेकतात, "ही रिअ‍ॅश्युरन्स आहे, डिलीट करा", म्हणजे तू खात्री मागतोयस, काढून टाक. अहो, ज्याने अजून डॉक्टर बघितला नाही, ज्याला आपल्याला मंत्रचळ आहे हे कालच कळलंय, त्याला यातलं काय समजणार? तो लाजून निघून जातो आणि परत येत नाही. काहीजण तर "हे विचारलं तर चालेल ना" असंच विचारत बसतात, म्हणजे नियमाचीच नवी भीती. नकार देताना आधी दोन वाक्यं माणुसकीची हवीत, ताईंना जमतं ते सगळ्यांना शिकवायला हवं.

कोणी जॉइन व्हावं? ज्यांची थेरपी चालू आहे त्यांनी नक्की. थेरपी नसेल तर याच्याच भरवशावर राहू नका, ग्रुपवालेही तेच सांगतात. घरच्यांनी एखाद्या मीटिंगला जरूर बसावं, आई बसली आणि आता मी विचारलं की ती म्हणते, "उत्तर नाही देणार, चहा टाकते, बस इथे." नव्या लोकांसाठी पहिल्या महिन्यात वेगळी छोटी मीटिंग ठेवा असं मी मॉडरेटरना कळवलंय, ती सुरू झाली की पाचवा स्टार लगेच देईन.