अलास्कातल्या बाळांसाठी हिबची कोणती लस?

अलास्काच्या अनेक गावांना रस्ताच नाही, लस विमानाने पोचते. हिब हा बाळांना मेंदुज्वर देणारा जिवाणू. तिथल्या मूलनिवासी बाळांना त्याविरुद्धच्या लसींपैकी पीआरपी-ओएमपी (थोडक्यात ओएमपी) द्यावी की पीआरपी-टी (थोडक्यात टी), असं सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या मैत्रिणीने विचारलं.

संरक्षण कधी सुरू होतं, हा कळीचा मुद्दा. ओएमपीचा २ महिन्यांचा पहिलाच डोस चांगली प्रतिपिंडं तयार करतो. टीला २-३ डोस लागतात. लस येण्याआधी या बाळांना हिबचा मेंदुज्वर सहा महिन्यांच्या आसपासच गाठायचा. एवढी वाट पाहायची कशी? १९९६ मध्ये अलास्काने ओएमपी सोडून उशिरा काम करणारी वेगळी लस घेतली, आणि आजार परतला. त्याआधीची पीआरपी-डी ही हिबचीच लस तर फिनलंडमध्ये उत्तम चालली आणि अलास्कात फसली. दुसरीकडचे आकडे या बाळांना लावू नयेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

डोस : ओएमपीचे २ आणि बूस्टर, टीचे ३ आणि बूस्टर. खराब हवेत विमान रद्द होतं, तेव्हा एक डोस कमी असणं मोलाचं.

प्राथमिक डोस पूर्ण झाल्यावर प्रतिपिंडांची पातळी मात्र टीची जास्त.

जिथे आजार लवकर गाठतो, तिथे ओएमपीच. जिथे हिब विरळ आहे आणि डोस वेळेवर होतात, तिथे टी पुरेशी.