पाटी नसलेलं गॅरेज आणि अँबॅसेडरची टायमिंग चेन

या गॅरेजला पाटी नाही, त्यामुळे मोबाइलच्या नकाशावर शोधायला जाऊ नका. नागपुरात सेंट्रल अव्हेन्यूवरून मोमिनपुऱ्याच्या बाजूला आत शिरलं की एक बर्फाची गादी लागते. तिला लागून जो बोळ आहे, त्यात गाडी उलटीच घालावी लागते, कारण आत वळवायला जागा नाही. टोकाशी विटांवर चढवलेली, चाकं नसलेली हिरवी अँबॅसेडर दिसली की पोचलात म्हणून समजा. मिस्त्रींना अख्खा बोळ चाचा म्हणतो, मीही तेच म्हणतो.

माझी गाडी १९७७ ची मार्क ३, पेट्रोल, १४८९ सीसी. बाबांनी १९८६ साली सेकंडहँड घेतली, तेव्हापासून महालातल्या आमच्या छपाईच्या प्रेससमोर उभी असते. रोज चालवत नाही. पण नातलगांत कुणाचंही लग्न निघालं की नवरदेव आमच्याच गाडीत बसणार, ही रीत पडून गेली आहे. गेल्या मे महिन्यात अशाच एका वरातीत बँडवाले दोन गाण्यांच्या मधे पाणी प्यायला थांबले, आणि त्या शांततेत बॉनेटखालून खडखड खडखड सुरू. मागच्या सीटवरून नवरदेवाचे मामा म्हणाले, "काऊन भाऊ, हिच्यात डिझेल इंजिन टाकलं का?" सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत डोक्यातून ते गेलं नाही.

मी प्रेसवाला माणूस. ऑफसेट मशीनच्या डिलिव्हरीची चेन सैल पडली की ती कशी आपटते, हे मला दुसऱ्या खोलीत बसूनही कळतं. टॅपेटचा, म्हणजे झडपा उघडणाऱ्या भागाचा, आवाज वेगळा. तो शिलाई मशीनसारखा टिकटिक करतो आणि इंजिनाच्या डोक्यावरून येतो. हा आवाज येत होता समोरून, पंख्याच्या मागून. सकाळी गाडी थंड असताना जास्त, आणि रेस सोडली की कुणी साखळी फरशीवरून ओढत नेतंय असा. हे सगळं मी आधीच्या गॅरेजात सांगितलं होतं. त्याचं नाव घेत नाही. बसायला एसी खोली, टोकन, कॉफी, सगळं आहे तिथे. त्यांनी तीन फेऱ्यांत दोनदा टॅपेट सेट केले, कार्बोरेटर उघडला, प्लगना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून ठेवला आणि ९,४०० रुपये घेतले. आवाज होता तिथेच राहिला. वरून गाडी चढावर दम टाकायला लागली.

चाचांकडे गेलो तेव्हा त्यांनी इंजिन सुरूच करू दिलं नाही. हे मला आधी जरा विचित्र वाटलं. आवाजाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आवाज ऐकवू द्यायचा नाही म्हणजे काय? त्यांनी पोट्ट्याला डिकीतलं हँडल आणायला लावलं. अँबॅसेडरला समोरून हँडल लागतं, हे आजकालच्या पोरांना दाखवलं तरी खरं वाटत नाही. प्लग काढले, डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली, खालच्या पुलीवर आणि तिच्या शेजारी कव्हरवर खडूची एकेक रेघ मारली. मग पोट्ट्यानं हँडल एका बाजूला अगदी हळू फिरवलं, थांबला, आणि उलट्या बाजूला फिरवायला लागला. चाचांचं बोट डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणाऱ्या रोटरवर. खालची रेघ सरकत होती आणि रोटर जागचा हलत नव्हता. जवळजवळ एक बोटभर रेघ सरकली, तेव्हा कुठे रोटर हलला.

"देखा भाऊ? नीचे वाला चल पड़ा, ऊपर वाला सो रहा है."

मामला एवढाच आहे. खाली क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा फिरतो, वर कॅमशाफ्ट फिरतो, आणि दोघांना बांधून ठेवते ती टायमिंग चेन. खालच्या गरारीला, म्हणजे दातेरी चाकाला, जेवढे दात, त्याच्या दुप्पट वरच्या गरारीला, म्हणून क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो. कॅम इंजिनाचे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडतो-मिटवतो, आणि डिस्ट्रिब्युटरही त्याच्यावरच फिरतो. चेन सैल पडली की व्हॉल्व्ह उशिरा उघडतात आणि स्पार्कही उशिरा पडतो. आधीच्या गॅरेजवाल्यांनी डिस्ट्रिब्युटर फिरवून स्पार्क पुढे ओढला होता, पण व्हॉल्व्ह कोण पुढे ओढणार? तरीच चढावर तिचा जीव जात होता.

आपण म्हणतो चेन ताणली. लोखंड काही ताणत नाही. कडीकडीतली पिन आणि तिच्यावरचं बुश रोज केसभर झिजतं, आणि एवढ्या कड्यांची ती झीज बेरीज होऊन चेन लांब होते. हे चाचांनी नंतर जुनी चेन हातात देऊन दाखवलं. आडवी, पट्टी धरतात तशी एका टोकाला धरायची. नवी चेन बरीचशी सरळ राहते. माझी जुनी चेन आमरसात बुडवलेल्या पुरणपोळीसारखी लोंबली.

आता वेळेचं सांगतो, कारण इथे लोक चिडू शकतात. चाचांनी चार दिवस सांगितले, लागले नऊ. माल कोलकात्याच्या मलिक बाजारातून मागवावा लागला. अँबॅसेडर उत्तरपाड्याला बनायची, २०१४ मध्ये कारखाना बंद पडला, तेव्हा जुना माल अजून तिकडेच जास्त निघतो. नागपुरात एका दुकानात चेन मिळत होती. चाचांनी ती बोटांत फिरवून पाहिली आणि वापस केली. नुसती चेन बदलू म्हटलं तर त्यालाही तयार होईनात. जुन्या गरारीचे दात एका बाजूनं झिजून आकड्यासारखे वाकलेले असतात, त्यांच्यावर नवी चेन चढवली तर वर्षभरात तीही तशीच होणार. म्हणून चेन, दोन्ही गरारी आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर असा पूर्ण संच मागवला. टेन्शनरच्या तोंडाला रबर असतं, त्यावर चेन घासत चालते. आमची चेन दुहेरी, म्हणून माझ्या रबरात दोन खोल नाल्या पडल्या होत्या. नख आत जाईल एवढ्या.

मी प्रेस भाच्यावर सोपवून दोन दिवस तिथे स्टूल टाकून बसलो. ऑक्टोबरची ती चिकट उष्णता, पंखा नाही. पण पाहायला मिळालं. रेडिएटर, पंखा, पट्टा बाजूला काढून खालच्या पुलीचा नट उघडायला घेतला. हँडल ज्या खोबणीत अडकतं, तोच हा नट. त्याचा लॉक वॉशर छिन्नीनं सरळ केला, पोट्ट्यानं गाडी टॉप गिअरमध्ये टाकून ब्रेकवर पाय दाबून ठेवला आणि चाचांनी पान्याच्या टोकावर हातोड्याचे घाव घातले. सहाव्या-सातव्या घावाला नट सुटला. तेवढ्या वेळात बोळातले चार जण सल्ला देऊन गेले होते.

कव्हर उतरल्यावर चाचा पहिल्यांदा काही बोलले नाहीत. पुलीच्या मागे, कव्हरच्या आत क्रँकवर एक पत्र्याची चकती असते, ऑइल थ्रोअर. तेल गळती अडवणाऱ्या सीलपर्यंत पोचू नये म्हणून ती उडवून लावते. तिची वाटी बाहेरच्या बाजूला हवी. माझ्या गाडीत ती उलटी बसवलेली निघाली. कुणी बसवली, कधी बसवली, देव जाणे. बाबांच्या काळातही असेल. पण गेली कितीतरी वर्षं मी गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवतो आणि पुढून तेल गळते म्हणून तीनदा सील बदललं, त्याचं उत्तर या वाटीएवढ्या पत्र्यात होतं. मला हसावं की रडावं कळेना.

नव्या गरारी बसवताना दोन गोष्टी मला फार आवडल्या. पहिली, चाचांनी दोन्ही गरारींच्या तोंडावर स्टीलची पट्टी आडवी ठेवून पाहिली. खालची किंचित आत होती. त्यांनी ती पुन्हा काढली, मागे एक पातळ शिम, म्हणजे पत्र्याची चकती, टाकली आणि पट्टी परत लावली. चेन तिरकी चालली तर लवकर मरते. हे कुणाला दिसणार नव्हतं, न करताही गाडी चालू झाली असती.

दुसरी गोष्ट टायमिंगची. दोन्ही गरारींवर एकेक बारीक टिंब असतं. ती टिंबं समोरासमोर, एका रेषेत आली पाहिजेत. गरारी आणि चेन एकत्र धरूनच आत सरकवावी लागते, एकट्यानं होत नाही. चढवून झाल्यावर कव्हर लावतील असं मला वाटलं, तर त्यांनी हँडल माझ्या हातात दिलं. "घुमाओ. पूरे दो चक्कर." मी एक फेरा मारला. खालचं टिंब वर आलं, वरच्या गरारीचं मात्र पार पलीकडे. काळजात धस्स झालं. चाचा मिश्यांत हसून राहिले. दुसरा फेरा झाला आणि दोन्ही टिंबं पुन्हा समोरासमोर. दुप्पट दातांचा हिशेब मला तेव्हा खरा कळला, पंचावन्नाव्या वर्षी.

कव्हरचे बोल्ट आधी सैलच ठेवले, पुली आत सरकवून सील तिच्याभोवती बरोबर मधोमध बसलं की मगच आवळले. शेवटी डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या पॉइंटला छोटा दिवा जोडून तो पेटतो त्या जागी डिस्ट्रिब्युटर पक्का केला. आधीच्या गॅरेजवाल्यांनी जिथे नेऊन ठेवला होता तिथून तो बराच मागे आला.

बिल म्हणजे कॅलेंडरच्या पाठीमागची चिठ्ठी. चेन, दोन गरारी आणि टेन्शनर ५,२००. कुरिअर २८०. सील आणि पॅकिंग ६४०. ऑइल आणि फिल्टर १,९५०. पट्टा ३८०. मजुरी ४,५००. एकूण १२,९५०. जीएसटीचं बिल, कार्ड वगैरे विचारूच नका. प्रत्येक जुना भाग मात्र पेपरात गुंडाळून हातात दिला, न मागता.

तक्रारी आहेत. चाचा फोन उचलत नाहीत, उचलला तर पोट्टा उचलतो आणि "चाचा नमाजला गेले" म्हणतो. शुक्रवारी दुपारी जाऊच नका. स्टिअरिंगवर आणि क्रीम रंगाच्या सीटवर ग्रीसची बोटं उमटली, ती मला केरोसीननं काढावी लागली. समोरच्या जाळीचा एक स्क्रू कमी आला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे रेडिएटरमध्ये साधं नळाचं पाणी भरलं. "इस गाड़ी को पानी ही चलता" म्हणे. चाचा, आपली माफी मागून सांगतो, पंचेचाळीस डिग्रीच्या गावात हे मला पटत नाही. आतून क्षार धरतो. मी घरी येऊन पाणी सोडलं, कूलंट भरलं. यासाठी एक तारा कापतोय, पाचांपैकी चार.

गाडी कशी चालते? दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला काढली. थंड इंजिन, सेल्फ मारला, आणि मी कान लावून बसलो. काही नाही. फक्त कार्बोरेटरचा श्वास. फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सचा चढ घेतला. तिथे मागचे सहा महिने मला सेकंडवर यावं लागायचं, आता थर्डमध्ये चढली, तीही न कुरकुरता. वर फिरायला आलेल्या एका काकांनी हात करून थांबवलं आणि गाडी विकायची का विचारलं. त्यांना म्हटलं, २०२७ मध्ये पन्नास वर्षांची होते. तेव्हा व्हिंटेजमध्ये नोंदवायची की नाही यावरूनच घरात भांडण सुरू आहे. नोंदवली तर 'व्हीए'ची वेगळी नंबरप्लेट मिळते, पण मग रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. नवरदेवांचं काय मग?

तुळशीच्या लग्नानंतरचं पहिलं लग्न आमच्या साळ्याच्या मुलीचं होतं, वर्धा रोडवरच्या लॉनमध्ये. बँड दोनदा थांबला.

पुठ्ठा अजून टाकून ठेवतो, सवय. पूर्वी रात्रीतून बशीएवढा डाग पडायचा, आता आठवड्यात एखादा थेंब दिसतो. तोही गिअरबॉक्सच्या खाली, म्हणजे या कामाशी त्याचा संबंध नाही. चाचांना तरी सांगून आलो. ते म्हणाले, दिवाळीनंतरची गर्दी ओसरू दे, मग आण. येताना हँडल विसरू नको.