धाकटी झोपल्यावर शिकवायचं की सगळ्यांना घेऊन?

घरीच शिकवायचं हे तुमचं ठरलंय आणि एनआयओएसची, म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देता येते त्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, माहितीही काढून झालीय, असं धरून चालतो. मग अडचण उरते ती धाकट्यांची. थोरल्याला शिकवताना त्यांचं काय करायचं? कोथरूडच्या आमच्या दोन खोल्यांत दोन्ही पद्धती करून पाहिल्या. थोरली तेव्हा सहा वर्षांची, मधला तीनचा, बाळ दहा महिन्यांचं. माझी ड्युटी दुपारी तीनला सुरू होते, म्हणून सकाळचं शिकवणं माझ्याकडे.

आधी आम्ही झोपेची वेळ धरली. अकराच्या सुमाराला धाकटी दोघं झोपली की थोरलीला घेऊन टेबलाशी बसायचं. तास-सव्वा तास पूर्ण लक्ष तिच्याकडे. अक्षर वळवायला याहून चांगली वेळ नाही. 'ळ' आणि 'क्ष' कसा काढायचा, हे मांडीवर बाळ घेऊन दाखवता येत नाही. तीन महिन्यांत तिची वही खरंच देखणी झाली होती.

कुकरच्या शिट्ट्या, दाराची बेल यांवर उपाय निघाले. कुकर आधीच उरकायचा, बेलचं बटण बंद. मला खटकलं ते वेगळंच. "हळू बोल, बाळ उठेल" हे मी रोज इतक्यांदा म्हणत होतो, की पोर कुजबुजत वाचायला लागली. एका संध्याकाळी आजीनं फोनवर "वाचून दाखव ना" म्हटलं. घरात सगळे जागे होते, तरी ही पुस्तक तोंडाशी धरून कुजबुजत राहिली. फार लागलं मला ते.

शिवाय कुजबुजताना गळ्यातला नाद बंद असतो. 'गाय' आणि 'काय', 'दार' आणि 'तार' जवळजवळ सारखेच ऐकू येतात. ती बरोबर वाचतेय की अंदाजानं ठोकतेय, हे शेजारी बसूनही मला कळत नव्हतं. नव्यानं वाचणाऱ्या मुलाला मोठ्यानं वाचू देता येत नसेल, तर त्या शांततेचा उपयोग काय?

मग सगळ्यांना घेऊन बसायला लागलो. नाश्ता झाला की बाल्कनीत शहाबादी फरशीवर पाण्यात बुडवलेल्या ब्रशनं अक्षरं काढायची. ती वाळून जातात, मधलाही शेजारी रेघोट्या मारतो, बाळ पाणी थापटतं. पाटीवरची पेन्सिल बाळ खातं, म्हणून ती नकोच. मोजायला चवळी-हरभरेही नकोत. रांगणारं मूल ते तोंडात, नाकात घालतं. वाट्या, चमचे, बटाटे पुरतात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीससाठी 'वीस एक' आलं, त्यावर वाद झाला होता. आम्ही दोन्ही म्हणतो, 'एकोणतीस' आणि 'वीस नऊ'. वीस बटाटे एकीकडे आणि नऊ दुसरीकडे मांडले की तिला ते दिसतं.

वाचन मात्र सगळ्यात जास्त बदललं. ती भावाला वाचून दाखवते आणि तो तेच पान पुन्हा मागतो. मी सांगितलं असतं तर दोनदाही वाचलं नसतं, ते ती चारदा वाचते, खणखणीत आवाजात.

या पद्धतीतही त्रास आहेच. पानं फाटतात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, तेव्हा लागतील तेवढी पानं मी छापून घेतो. बाळाचे दात येत होते त्या आठवड्यात काहीच झालं नाही. तिचं अक्षरही मागच्याइतकं सुबक राहिलेलं नाही. पण एनआयओएसची 'अ' पातळी तिसरीच्या बरोबरीची आणि तिथल्या दहावीला किमान वय 14. सहाव्या वर्षी एक आठवडा गेला तर मी आता घाबरत नाही.

तुमच्याकडे धाकटं एकच असेल, गाढ झोपणारं असेल, दार लावता येईल अशी खोली असेल, तर पहिली पद्धत कदाचित सोयीची पडेल. थोरलं आठ-नऊ वर्षांचं, मनात वाचणारं असेल तर नक्कीच. पण ते नुकतं वाचायला लागलं असेल, तर मी सगळ्यांना घेऊनच बसा म्हणेन.

झोपेच्या वेळेतली पंधरा मिनिटं आम्ही अजून ठेवली आहेत, फक्त लेखनासाठी. तेव्हा कुणाला बोलावंच लागत नाही.