विश्रामबागेतलं मेडिकल, माझ्याकडनं पाच स्टार
आमच्या आण्णांचं विसरणं वर्षभरात लईच वाढलंय, मार्केट यार्डात हळदीचे सौदे तोंडपाठ ठेवणारा माणूस आता नातवाचं नाव विचारतो, त्यामुळं कुणी काय सांगितलं की आणायचं असं चाललंय आमचं. मोबाईलवर जाहिरात बघितली, थेट मेंदूत जाणारं प्रोटीन, डबा २४०० रुपये. विश्रामबागेतल्या मेडिकलमध्ये तो मागवायला गेलो तर काउंटरवरचे काका म्हणाले, आधी बसा जरा.

बिलाच्या मागं पेननं मेंदूतली केसाहून बारीक रक्तवाहिनी काढली, तिच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या की मधे फटच नाही. साधारण ४०० ते ५०० डाल्टनपर्यंतचा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप), तेलात विरघळणारा रेणू यातनं आत शिरतो. अँटिबॉडी, म्हणजे शरीरातलं रोगाशी लढणारं प्रोटीन, असते दीड लाख डाल्टनची, ती शिरेतनं दिली तरी हजारात एखादा भाग मेंदूत पोचतो. आणि डब्यातलं प्रोटीन तर पोटातच पचून त्याचे तुकडे होणार, म्हणाले.

मी विचारलं, मग मोठं काहीच जात नाही का? तर त्यांनी फ्रीजमधनं इन्सुलिनची बाटली काढली, हे बघा, ५८०० डाल्टनच्या आसपासचं, तरी जातं. पेशीवर त्याची ठरलेली जागा असते, तिथं चिकटलं की पेशीचा पडदा आत वळतो, त्याची बारकी पिशवी होते आणि पलीकडं जाऊन उघडते. रक्तातलं लोह वाहणाऱ्या ट्रान्सफेरिनसाठी पण अशीच जागा आहे. आता त्याच जागेला चिकटणारी अँटिबॉडी घेऊन तिला औषध जोडतात, जपाननं २०२१ मध्ये हंटर सिंड्रोम नावाच्या दुर्मिळ जन्मजात आजारासाठी असं एक एन्झाइम मंजूर केलंय, ते सलाईनमधनं देतात. म्हणजे यार्डाचा गेटपास असलेल्या ट्रकवर आपलं पोतं टाकायचं, मला तरी असंच कळलं, आण्णांना पूर्वी एका वाक्यात कळलं असतं.

ते औषध आण्णांच्या कामाचं नाही हेही काकांनीच स्पष्ट सांगितलं. न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा, बी१२ आणि थायरॉइड तपासून घ्या, त्यानं पण विसरायला होतं म्हणाले. तपासण्या सोमवारी करतोय.

संध्याकाळी गर्दी असते आणि गाडी लावायला जागा नाही, काही विचारायचं असेल तर दुपारी चारच्या सुमारास जावा. त्या दिवशी अर्धा तास बसवून माझ्याकडनं फक्त आण्णांच्या बीपीच्या गोळ्यांचे ८६ रुपये घेतले त्यांनी.