स्विच चोवीस पोर्टांचा, लायसन्स बाराच: जुना सॅन स्विच घेताना झालेली फसवणूक

पुण्यात सर्व्हर-स्टोरेजचं जुनं सामान भरपूर फिरतं. हिंजवडी-खराडीतल्या कंपन्या भाडेकरार संपला की रॅकच्या रॅक रिकामे करतात. तो माल दलालांच्या गोदामात येतो आणि तिथून भोसरी, चाकण, तळवड्याच्या कारखान्यांत जातो. जुना माल घेण्यात चूक काहीच नाही. नीट वापरलेला फायबर चॅनेल स्विच, म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज यांना फायबर केबलने जोडणारा सॅन (स्टोरेज एरिया नेटवर्क) स्विच, दहा वर्षांनंतरही चांगला चालतो. पण या स्विचमध्ये डोळ्यांना दिसणारे पोर्ट आणि वापरता येणारे पोर्ट ही दोन वेगळी गणितं असतात. फसवणूक नेमकी तिथेच होते.

भोसरी एमआयडीसीत साचे बनवणाऱ्या एका कारखान्याने ब्रोकेड कंपनीचे दोन ६५०५ स्विच घेतले. दोन घेतले ते योग्यच केलं, कारण सर्व्हर आणि स्टोरेज यांच्यात 'ए' आणि 'बी' अशी दोन स्वतंत्र फॅब्रिक (जोडणीची जाळी) असावीत हा साधा नियम आहे. बोलणी अशी झाली होती: दोन्ही स्विचचे चोवीसच्या चोवीस पोर्ट चालू, प्रत्येकात १६ जीबीचे (सेकंदाला १६ गिगाबिट वेगाचे) चोवीस एसएफपी (पोर्टात बसवायची, फायबर केबल जोडायची छोटी मॉड्यूल), दोन-दोन पॉवर सप्लाय आणि 'फुल लायसन्स'. विक्रेत्याने दोन्ही स्विचचे स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. चाकणचं दुसरं गिऱ्हाईक थांबलंय म्हणून पूर्ण रक्कम आगाऊ घेतली. सात दिवसांची 'टेस्टिंग वॉरंटी' तोंडी दिली. बिलावर लिहिलं फक्त 'यूज्ड सॅन स्विच २४ पोर्ट, नग २'.

स्विच बसले, दिवे हिरवे लागले. प्रत्येक फॅब्रिकवर चार सर्व्हर आणि स्टोरेजचे चार पोर्ट, म्हणजे आठ केबल. तीन महिने सगळं सुरळीत चाललं. मग नवीन स्टोरेज आलं, त्याच्या चार केबल ८ ते ११ या पोर्टांत गेल्या आणि बॅकअप सर्व्हरची तेरावी केबल १२ नंबरच्या पोर्टात लागली. (पोर्टांची मोजणी शून्यापासून होते, म्हणून १२ नंबर म्हणजे तेरावा पोर्ट.) 'ए' स्विचवर हिरवा दिवा लागला, 'बी'वर लागेना. केबल बदलली, एसएफपी बदलला, सर्व्हरचं एचबीए कार्ड (ज्यात फायबर केबल लागते ते) बदलून पाहिलं. दोन दिवस त्यातच गेले. कारण एका ओळीत समोरच होतं: 'बी' स्विचवर स्विचशो ही पोर्टांची स्थिती दाखवणारी आज्ञा चालवली की १२ ते २३ या प्रत्येक पोर्टापुढे 'नो पीओडी लायसन्स, डिसेबल्ड' असं येत होतं.

पीओडी म्हणजे पोर्ट्स ऑन डिमांड. ६५०५च्या पत्र्यावर पोर्ट चोवीस असतात, पण मूळ स्विच बाराच पोर्ट चालू ठेवून विकला जातो. उरलेल्या बारांसाठी वेगळं लायसन्स घ्यावं लागतं. ६५१०मध्ये पोर्ट ४८ आणि मूळचे चालू २४. त्याआधीच्या ८ जीबीच्या ब्रोकेड ३००मध्ये चोवीसपैकी आठच मूळचे, पुढे आठ-आठने वाढवायचे. जी६१०मध्येही चोवीसपैकी मूळचे आठ. एचपीई, आयबीएम, डेल यांच्या नावाने हेच स्विच विकले गेले आहेत, त्यांनाही हाच हिशोब लागू. म्हणून '२४ पोर्टचा स्विच' या शब्दांना किंमत नाही. विचारायचं ते 'किती पोर्टांचं लायसन्स?' एवढंच.

मग ते स्क्रीनशॉट काय होते? दोन्ही 'ए' स्विचचेच होते. स्विचचं नाव बदलायला स्विचनेम ही एक आज्ञा पुरते, त्यामुळे एकावर 'ए' आणि दुसऱ्यावर 'बी' नाव टाकून चित्रं काढली होती. पण स्विचशोमध्ये नावाच्या खाली काही ओळींवर स्विचचा डब्ल्यूडब्ल्यूएन (कायमचा ओळख क्रमांक) येतो. तो प्रत्येक खोक्याचा वेगळा असतो, आणि दोन्ही चित्रांत तो शेवटच्या अक्षरापर्यंत एकच होता. पैसे देण्याआधी ही दोन चित्रं शेजारी ठेवून कुणी वाचली असती तर व्यवहार तिथेच थांबला असता. लायसन्सशोचं (लायसन्सची यादी दाखवणाऱ्या आज्ञेचं) चित्र तर वरून कापलेलं होतं. कापलेलं चित्र आलं की पूर्ण मागा. नाही मिळालं तर माल घेऊ नका.

तक्रार केल्यावर विक्रेत्याने दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर एक लायसन्स की पाठवली आणि तिचे वेगळे पैसे मागितले. लायसन्सअ‍ॅड करून ती घातली तर स्विचने नाकारली. नाकारणारच होता, कारण लायसन्सची की त्या-त्या स्विचच्या लायसन्स आयडीसाठीच तयार होते. लायसन्सआयडीशो ही आज्ञा तो आयडी दाखवते. एका स्विचची की दुसऱ्यात चालत नाही. 'की नंतर पाठवतो' हे वाक्य ऐकलं की पैसे रोखून धरा. ती आपल्याच स्विचमध्ये पडून पोर्ट सुरू झालेला दिसला, की मगच द्या.

पोर्टांइतकीच फसवणूक एसएफपीत झाली होती, आणि ती जास्त हुशारीने. 'बी' स्विचच्या पहिल्या दहा पोर्टांत खरे १६ जीबीचे एसएफपी होते. १० नंबरच्या पोर्टापासून पुढे माल बदललेला. आंब्याच्या पेटीत वरचा थर निवडून लावतात तसा. एकूण चोवीसपैकी अकरा एसएफपी ८ जीबीचे निघाले, वर मात्र १६ जीबीचं स्टिकर. आणखी तीन भलत्याच बनावटीचे होते. त्यांच्यापुढे स्विच 'मॉड इन्व्ह' दाखवतो, म्हणजे मॉड्यूल अमान्य. १६ जीबीच्या ब्रोकेड स्विचमध्ये ब्रोकेडचा ८ जीबीचा एसएफपी चालतो, म्हणूनच ही लबाडी खपते. दिवा हिरवा लागतो, काम चालतं, फक्त वेग निम्मा मिळतो. नवीन स्टोरेजच्या 'बी' बाजूच्या चार मार्गांपैकी १० आणि ११ नंबरचे दोन मार्ग स्विचशोमध्ये 'एन१६'ऐवजी 'एन८' दाखवत होते. मल्टिपाथ (एकाच स्टोरेजकडे अनेक मार्गांनी जाण्याची सोय) असल्याने सर्व्हरवर कसली चूक उमटली नाही. मल्टिपाथ तुटलेला मार्ग सांभाळून घेतो, पण त्यामुळेच असे दोष महिनोन् महिने झाकले जातात.

स्टिकर वाचू नका, एसएफपीच्या आतली माहिती वाचा. एसएफपीशो आणि पुढे पोर्टचा नंबर दिला की व्हेंडरचं नाव, पार्ट नंबर, सिरियल नंबर, वेग, तापमान आणि प्रकाशाची ताकद येते. ब्रोकेडच्या १६ जीबी शॉर्टवेव्ह एसएफपीचा पार्ट नंबर ५७-०००००८८-०१, वेगाच्या ओळीत ४, ८, १६. ८ जीबीवाल्याचा ५७-१००००१२-०१, वेग २, ४, ८. आतली चिपही पुन्हा लिहिता येते, त्यामुळे व्हेंडरच्या ओळीत ब्रोकेड दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. चोवीसही सिरियल नंबर एका कागदावर उतरवा. दोन एसएफपींचा सिरियल एकच निघाला तर ते नकली आहेत.

तपासणीला एक लॅपटॉप, कन्सोलची केबल, दोन एलसी-एलसी पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना एलसी जोड असलेल्या छोट्या फायबर केबल) आणि साधारण तासभर वेळ लागतो. कन्सोल ९६०० वेगावर, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. ब्रोकेडचा मूळ आयपी १०.७७.७७.७७ असतो, पण वापरलेल्या स्विचवर तो राहिलेला नसतो, म्हणून कन्सोलनेच आत शिरा. इथे आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहायच्या. अ‍ॅडमिनचा पासवर्ड विक्रेत्याला माहीत नसेल तर स्विच उघडून द्यायची जबाबदारी त्याची. 'तुम्ही रिसेट करून घ्या' हे मान्य करू नका. ज्याला आत जाता आलं नाही त्याने तो स्विच तपासलेलाच नाही.

आत गेल्यावर आधी स्विचशो. स्विचटाइप ११८ म्हणजे ६५०५, १०९ म्हणजे ६५१०, ७१ म्हणजे ब्रोकेड ३००. पत्रा आणि स्टिकर बदलता येतं, हा आकडा खरं सांगतो. मग लायसन्सशो. त्यात पोर्ट्स ऑन डिमांडची ओळ दिसली पाहिजे आणि कुठल्याही लायसन्सपुढे संपण्याची तारीख असता कामा नये. ट्रंकिंगसारखी (अनेक लिंक एकत्र बांधण्याची सोय) काही लायसन्स मुदतीची मिळतात, मुदत संपली की ती सोय बंद. त्यानंतर लायसन्सपोर्ट, जागा, दोन आडव्या रेघा आणि शो. या आज्ञेत स्विचवर किती पोर्ट आहेत आणि त्यांतल्या किती पोर्टांची तरतूद आहे हे दोन आकडे वेगवेगळे येतात. दोन्ही ठिकाणी २४ दिसले तरच तो चोवीस पोर्टांचा स्विच. स्विच स्वीकारलात की लायसन्सशोचा सगळा मजकूर फाइलमध्ये साठवून ठेवा. जुन्या मालाची की हरवली तर पुन्हा काढून देणारं कुणी नसतं. आणि लायसन्सरिमूव्ह ही आज्ञा उत्सुकतेपोटीही चालवू नका.

चॅसिसशोमध्ये सिरियल नंबर, भाग कधी बनले त्या तारखा आणि 'टाइम अलाइव्ह' म्हणजे एकूण किती दिवस वीज मिळाली तो आकडा असतो. 'जेमतेम वापरलाय' म्हणून सांगितलेल्या स्विचवर तिथे तीन हजार दिवस दिसले तर भाव त्याप्रमाणे पाडा. खोक्यावरचा सिरियल आणि इथला सिरियल जुळवा. पीएसशो आणि फॅनशोमध्ये सगळं 'ओके' हवं. ६५०५मध्ये दुसरा पॉवर सप्लाय मूळचा नसतो, मागाहून घालतात. तो घालताना हवेची दिशा पहिल्यासारखीच आहे का ते पाहा.

पोर्टांची खरी परीक्षा पॅच कॉर्डने होते. ० आणि १२, १ आणि १३, असे जोडत सगळे पोर्ट फिरा. लायसन्स असेल तर दोन्ही टोकं ऑनलाइन होतात. आधी स्टॅट्सक्लिअर करून मोजणी शून्यावर आणा, प्रत्येक जोडी पाच मिनिटं ठेवा आणि पोर्टएररशो पाहा. सीआरसी आणि एन्क आउटचे (खराब फ्रेम आणि फ्रेमबाहेरच्या संकेतचुका मोजणारे) रकाने वाढायला नकोत. 'सीआरसी जी-ईओएफ' वाढत असेल तर बिघाड त्याच पोर्टाच्या लिंकवर आहे: केबल, एसएफपी किंवा पलीकडचं टोक. नुसताच सीआरसी वाढत असेल तर खराब फ्रेम बहुधा दुसरीकडून वाहत आली आहे. एसएफपीशोमधली आरएक्स पॉवर उणे २ ते उणे ४ डीबीएमच्या आसपास असेल तर ठीक. उणे १०च्या जवळ गेली तर आधी टोकं पुसा, मग केबल बदला. केबलची लांबीही पाहा. १६ जीबीला ओएम३ दर्जाच्या फायबरवर १०० मीटर, ओएम४वर १२५ मीटर, पण जुन्या ओएम२वर फक्त ३५. जुन्या इमारतीत आधीच टाकलेली नारिंगी फायबर असेल तर दोष स्विचला देण्याआधी हे तपासा.

फर्मवेअरबद्दल विक्रेते सर्रास खोटं बोलतात. 'लेटेस्टवर अपग्रेड होतो' असं सांगतात. ६५०५ आणि ६५१० फॅब्रिक ओएस (या स्विचचं फर्मवेअर) ८.२च्या पुढे जात नाहीत, ९ त्यांच्यासाठी नाहीच. ब्रोकेड ३०० तर ७.४वरच थांबतो. २०१७च्या नोव्हेंबरात ब्रोकेड ब्रॉडकॉमकडे गेली, आणि फर्मवेअर अधिकृतपणे उतरवायला सपोर्टचा हक्क लागतो, तो जुन्या मालासोबत येत नाही. चालू वाहतूक न थांबवता अपग्रेड करायचा असेल तर एकेक आवृत्ती चढत जावी लागते: ७.४वरून ८.०, मग ८.१, मग ८.२. म्हणून व्हर्जन ही आज्ञा चालवून स्विच कुठल्या पायरीवर आहे ते घेण्याआधी पाहा.

चालू फॅब्रिकला जोडण्याआधी जुन्या मालकाच्या खुणा पुसायलाच हव्यात. सीएफजीशोमध्ये जुनं झोनिंग (कुठला सर्व्हर कुठल्या स्टोरेजला पाहू शकेल याची आखणी) दिसेल. ते तसंच ठेवून जोडलं तर दोन झोनिंग एकमेकांशी भिडतात आणि लिंक सेगमेंट होते, म्हणजे दोन स्विच एकत्र येत नाहीत. डोमेन आयडी (फॅब्रिकमधला स्विचचा क्रमांक) सारखा निघाला तरी तेच. सीएफजीडिसेबल, सीएफजीक्लिअर, सीएफजीसेव्ह या क्रमाने झोनिंग काढा, स्विचडिसेबल करून कॉन्फिगडिफॉल्ट चालवा, रीबूट करा आणि वेगळा डोमेन आयडी द्या. जुनी वापरकर्ता-खाती आणि एसएनएमपीचे (देखरेखीच्या सूचना जिथे जातात ते) पत्तेही तपासा. 'बी' स्विचवर आधीच्या कंपनीची तीन खाती जिवंत होती.

ऑर्डर लिहिताना हे शब्द कागदावर हवेत: दोन्ही सिरियल नंबर, 'चोवीस पोर्ट लायसन्ससह कार्यरत', एसएफपीचा पार्ट नंबर आणि संख्या, पंधरा दिवसांची लेखी तपासणी मुदत, आणि किमान वीस टक्के रक्कम तपासणीनंतर. धंद्यासाठी घेतलेला माल असल्याने ग्राहक आयोगाचा रस्ता बहुतेक वेळा बंदच असतो. १९३०च्या माल विक्री कायद्यात वर्णनाप्रमाणे माल मिळण्याचा हक्क आहे (कलम १५), पण तेव्हा बिलावर वर्णन काय लिहिलं होतं हेच पाहिलं जातं. शिवाय माल वाजवी मुदतीत नाकारला नाही तर तो स्वीकारला असं धरतात (कलम ४२). या कारखान्याचे तीन महिने तिथेच नडले. फसवण्याचा इरादा दाखवता येत असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली पोलिसांत तक्रार करता येते. त्या दोन स्क्रीनशॉटमधला एकच डब्ल्यूडब्ल्यूएन हा इथे सगळ्यात भक्कम पुरावा आहे. व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण एक्सपोर्ट करून ठेवा, स्विचवरून सपोर्टसेव्ह (स्विचमधल्या सगळ्या नोंदींची प्रत) घ्या, आणि त्यानंतरच स्विचला हात लावा.

'बी' स्विच सध्या बारा पोर्टांवर चालतो. १० आणि ११ नंबरला 'ए' स्विचचे वापरात नसलेले १६ जीबीचे एसएफपी घातले. नवीन स्टोरेजच्या चारपैकी एक केबल काढून बॅकअप सर्व्हरला जागा केली, आणि स्टोरेजच्या दोन्ही कंट्रोलरचा निदान एक-एक मार्ग 'बी'वर राहील असं पाहिलं. झोन एका एचबीएला एक असे नव्याने बांधले. पुढचं यंत्र आलं तर त्याला 'बी' बाजूला पोर्ट नाही.