ट्रेलरमधल्या घरात वेदर रेडिओ: दोन सीझन वापरल्यानंतर

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, ऑबर्नला आम्ही दोघं एका ट्रेलर पार्कात भाड्याने राहतो. ट्रेलर म्हणजे ठोकळ्यांवर ठेवलेलं, बाहेरून पत्र्याचं तयार घर. विद्यापीठात शिकणारे आणि माझ्यासारखे तुटपुंज्या फेलोशिपवर संशोधन करणारे इथे बरेच जण असेच राहतात, कारण अपार्टमेंटपेक्षा भाडं बरंच कमी. नोव्हेंबरच्या तोंडावर वेदर रेडिओ घेतला. अलाबामात टोर्नेडोचे, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या भोवऱ्यासारख्या वादळाचे, सीझन दोन, एक नोव्हेंबर-डिसेंबरचा आणि मोठा मार्च ते मे. दोन्ही काढून झाल्यावर हे लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही, ३०-४० डॉलरमधले सगळे रेडिओ थोड्याफार फरकाने असेच आहेत.

आधी हे यंत्र करतं काय ते सांगतो. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधल्या सात चॅनेलवर चोवीस तास बोलत असते. रेडिओ एरवी गप्प असतो. आपल्या काउंटीचा (म्हणजे इथल्या जिल्ह्याचा) कोड असलेला इशारा आला की कर्कश भोंगा वाजवून जागा होतो आणि मग यंत्राच्या आवाजात तपशील सांगतो. वीज गेली तर आतल्या पेन्सिल सेलवर चालतो. मोबाइलवर इशारा येतोच, मग हे कशाला, असं मलाही बऱ्याच जणांनी विचारलं. फोन रात्री सायलेंटवर असतो, चार्ज संपतो, वादळात टॉवर बंद पडतो. आणि बाहेरचा सायरन मुळात घराबाहेरच्या माणसांसाठी असतो. पत्र्यावर धो धो पाऊस पडत असताना झोपेत तो ऐकू येईल या भरवशावर राहू नये.

सेटिंगमध्ये एक संध्याकाळ गेली. मेनू अगदी जुन्या व्हीसीआरसारखा, बटणं दाबत बसायचं. डब्यातून काढला तेव्हा तो सगळ्या काउंट्यांचे इशारे घेत होता, म्हणजे शंभर किलोमीटरवरच्या पावसासाठीही भोंगा. असे रेडिओ लोक आठवड्याभरात वैतागून कपाटात टाकतात. म्हणून आधी आपल्या काउंटीचा कोड भरा. आमच्या ली काउंटीचा ००१०८१. पण मी त्याबरोबर पश्चिमेच्या मेकन काउंटीचाही, ००१०८७, भरून ठेवलाय. इथली वादळं बहुधा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सरकतात, त्यामुळे मेकनमध्ये वाजलं की पुढचा नंबर बहुतेक आपला.

दुसरी अडचण ट्रेलरचीच. बाहेरून पत्रा असल्याने आत सिग्नल मार खातो. बेडरूमच्या मधोमध नुसती खरखर यायची. खिडकीच्या कडेला ठेवून अँटेना पूर्ण उघडल्यावर सुधारलं. बुधवारी दुपारच्या सुमारास साप्ताहिक चाचणीचा संदेश येतो. तो आला नाही तर समजायचं की जागा चुकली किंवा चॅनेल चुकला.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. बहुतेक रिव्ह्यूंमध्ये सल्ला सापडेल की टोर्नेडो वॉचचा भोंगा बंद करा, फक्त वॉर्निंगचा ठेवा, म्हणजे झोपमोड होत नाही. पक्क्या घरात राहणाऱ्यांसाठी तो बरोबर असेल. ट्रेलरवाल्यांनी नेमकं उलट करावं. वॉच म्हणजे पुढच्या काही तासांत टोर्नेडो होण्यासारखी हवा आहे. तो ओक्लाहोमातल्या नॉर्मनच्या केंद्रातून निघतो आणि बऱ्याच काउंट्यांना एकदम लागू होतो. वॉर्निंग म्हणजे रडारवर फिरकी दिसली किंवा कुणी डोळ्यांनी पाहिला. तिच्यानंतर हातात मिनिटं उरतात, कधी पंधरा, कधी पाच, कधी एकही नाही. तेवढ्यात पक्क्या घरातला माणूस आतल्या बाथरूममध्ये जाऊन बसतो. आपल्या बाथरूममध्ये बसून काय होणार? टोर्नेडोची ताकद ईएफ-० ते ईएफ-५ अशी मोजतात; ताशी १३८ किलोमीटरपासून सुरू होणारा ईएफ-१ सुद्धा ट्रेलर ठोकळ्यांवरून सरकवू शकतो. मिनिटांच्या त्या फटीत अंधारात, पावसात गाडी काढणं हाही जुगारच. इथे दाट पाईन आणि टेकड्या, क्षितिज दिसतच नाही.

३ मार्च २०१९ ला याच काउंटीतल्या बोरगार्ड भागात ईएफ-४ आला, २३ माणसं गेली, त्यांतली १९ मोबाइल होममधली, म्हणजे अशाच ट्रेलरसारख्या घरांतली. तीही भर दुपारी. नंतर पाहणाऱ्यांना बऱ्याच घरांचे जमिनीत रोवलेले अँकर आणि पट्ट्या गंजलेल्या किंवा अपुऱ्या आढळल्या. हे वाचल्यावर आमच्या ट्रेलरखाली टॉर्च घेऊन शिरलो. पट्ट्या आहेत, दोन ढिल्या होत्या. पार्कच्या ऑफिसात सांगितलं, खूप पाठपुरावा केल्यावर माणूस येऊन ताणून गेला. तरी पट्ट्या आहेत म्हणून आत बसून राहायचं नाही, एवढं पक्कं.

म्हणून आमचा नियम: वॉचला निघायचं. जवळच एका मराठी कुटुंबाचं विटांचं घर आहे, खालच्या मजल्यावर बिनखिडकीची खोली. पहिल्यांदा फोन करून विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "अहो, विचारता काय, एक चावी तुमच्याकडेच असू द्या." ज्यांना असं घर नाही त्यांनी काउंटीचा सार्वजनिक निवारा रात्री कधी उघडतो हे आधीच विचारून ठेवावं, काही वॉच लागल्यावर उघडतात, काही त्याहून उशिरा. मिनेसोटा राज्यात पार्कमालकाला निवाऱ्याची किंवा सुरक्षित जागी हलवण्याच्या योजनेची सोय ठेवावी लागते. इथे आमच्या पार्कात एक फलकसुद्धा नाही.

दाराशी एक पिशवी असते: बूट, कागदपत्रं, औषधं, पॉवरबँक आणि माझं क्रिकेटचं हेल्मेट. बायको त्यावरून हसते, पण डोक्याला लागणं हे टोर्नेडोतल्या मृत्यूंचं मोठं कारण आहे, त्यामुळे तिच्यासाठीही सायकलचं घेतलं.

तोटा खराच सांगतो. बहुतेक वेळा काहीच होत नाही. पहाटे दोनला गादीवरून उठून दुसऱ्याच्या सोफ्यावर जायचं आणि सकाळी लख्ख ऊन. घरी रायगडला आईला सांगितलं तर तिला २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आठवतं, "एक-दोन दिवस आधी सांगतात की." चक्रीवादळाला तसा वेळ मिळतो, याला नाही. त्यातून वॉर्निंग खरं म्हणजे नकाशावरच्या एका तुकड्याला असते, पण हा रेडिओ काउंटीवर चालतो, त्यामुळे काउंटीच्या दुसऱ्या टोकाच्या वादळालाही भोंगा वाजतो. नेमकेपणात फोन पुढे आहे, दोन्ही ठेवा.

बाकी बारीकसारीक: डिस्प्ले उन्हात दिसत नाही, आवाज कमी-जास्त करायच्या पायऱ्या फार मोठ्या, भोंग्याने शेजारचा कुत्रा भुंकायला लागतो. पाचपैकी चार. सेल मात्र अल्कलाइनच टाका आणि इथे वर्षातून दोनदा घड्याळं तासभर पुढे-मागे करतो त्या दोन रविवारी बदला. मार्च आणि नोव्हेंबर, म्हणजे दोन्ही सीझनच्या तोंडावरच पडतात.