फ्रिप यांच्या ट्यूनिंगसाठी गिटार लावून देणारे रावपुऱ्यातील दुकान

वडोदऱ्यात गिटारच्या तारा बदलून देणारी दुकाने पुष्कळ आहेत; परंतु इंग्लिश गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांच्या ‘न्यू स्टँडर्ड ट्यूनिंग’साठी, म्हणजे तारांच्या त्यांनी बसवलेल्या वेगळ्या जुळणीसाठी, वाद्य मनापासून तयार करून देणारे कारागीर मला रावपुऱ्यातील एका लहानशा दुरुस्तीच्या दुकानात भेटले.

फ्रिप यांची कारकीर्द ठाऊक असणाऱ्यांना या मागणीचे मोल कळेल. १९६९ मध्ये ‘किंग क्रिमसन’ या त्यांच्या रॉक बँडच्या पहिल्याच अल्बमने त्यांचे नाव झाले, तरी १९७४ मध्ये त्यांनी तो बँड मोडला; त्याआधीच संगीतकार ब्रायन ईनो यांच्यासह दोन टेपरेकॉर्डर जोडून एकाच गिटारचे थरावर थर चढवण्याची पद्धत बसवली, आणि १९८१ मध्ये नव्या साथीदारांसह ‘डिसिप्लिन’ हा अल्बम काढला. १९८५ मध्ये ‘गिटार क्राफ्ट’ हे गिटारवादनाचे वर्ग सुरू केले तेव्हा तर त्यांनी तारांची जुळणीच बदलली. चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या नामवंत वादकाने बोटांत मुरलेली वळणे सोडून पुन्हा पहिल्यापासून शिकावे, ही मला त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत धाडसी गोष्ट वाटते.

या जुळणीत खालून सी, जी, डी, ए, ई, जी असे स्वर येतात. पहिल्या पाच तारांत प्रत्येक तार आधीच्या तारेचा पंचम असल्यामुळे तंबोरा ऐकत वाढलेल्या कानाला ती लगेच आपलीशी वाटते. अडचण वाद्याची असते: खर्जाची तार नेहमीच्या ‘ई’वरून ‘सी’पर्यंत उतरून सैल पडते म्हणून जाड घ्यावी लागते, तर सर्वांत वरची ‘ई’वरून ‘जी’पर्यंत चढते म्हणून बारीक घ्यावी लागते.

दुकानातील कारागीर काकांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले. जाड तारेसाठी नटची (तारा ज्या खाचांतून जातात त्या मानेच्या टोकावरील पट्टीची) खाच त्यांनी एकदम रुंद केली नाही. थोडी घासायची, तार बसवून पाहायची, काढून पुन्हा घासायची, असे करत तार अलगद सरकेल इतकीच जागा केली. तारा रात्रभर ताणून ठेवल्यावरच नेकचा, म्हणजे गिटारच्या मानेचा, बाक सुधारला आणि बाराव्या फ्रेटवरचा (मानेवरील पडद्यावरचा) स्वर प्रत्येक तारेवर तपासून दिला. आता ‘सी’ खणखणीत वाजते, फ्रेटवर खरखरत नाही. मजुरी आधी सांगितली तेवढीच घेतली.

सुट्या तारा मात्र आपणच मागवून न्याव्या लागतात, आणि काम सांगितलेल्या मुदतीपेक्षा लांबते. पिकअपचे (तारांचा आवाज विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाचे) किंवा वायरिंगचे काम ते घेत नाहीत, हे ते स्वतःच स्पष्ट सांगतात. त्यासाठी दुसरीकडे जावे.